९ वाजून ३८ मिनिटं : एका ऑनलाइन पराभवाचा घटनाक्रम

रविवार, १३ जून २०२१

सकाळी ९.३० : बारा तास बाकी

डोंबिवली पूर्वेला पाऊस. मोसमी पाऊस ९ तारखेला मुंबईत दाखल झाला आणि तेव्हापासून आमच्या इमारतीत दोनच प्रश्न विचारले जातात : तुमच्याकडे लाइट आहे का, आणि दुसरा डोस मिळाला का. लोकल धावतायत, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. ठाण्याच्या ऑफिसचं काम मी वर्षभर जेवणाच्या टेबलावरूनच करतेय. आज संध्याकाळी त्याच टेबलावर बुद्धिबळ.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या खेळाडूंचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. टाळेबंदीच्या आधी हीच मंडळी रविवारी कुठल्यातरी शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात भेटायची. काखेत गुंडाळलेला पट, पिशवीत सोंगट्या आणि घड्याळ, सकाळची ठाणा गाडी, आणि हॉलबाहेर पायऱ्यांवर डबे सांभाळत बसलेले आईबाप. आता सगळं पडद्यावर. आयोजक सरांचा मेसेज आलाय : पाच फेऱ्या, पहिली साडेपाचला, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा. प्रवेश फी शंभर रुपये. बक्षिसं पहिल्या तिघांना. शेवटी ठळक अक्षरांत : कॅमेरा चालू हवा. दुसरी खिडकी उघडी आढळल्यास खेळाडू बाद.

वाचून मी अंगठा टाकते. चांगला नियम आहे.

दुपारी १२.१५ : सव्वानऊ तास बाकी

त्या नियमाचा पहिला फटका मलाच. आज विश्वनाथन आनंदचा सामूहिक डाव आहे. एकटा आनंद एकाच वेळी आमिर खान, रितेश देशमुख, अरिजित सिंग, किच्चा सुदीप, क्रिकेटपटू युझवेंद्र चहल अशा नामवंतांशी ऑनलाइन खेळणार आणि त्यातून कोविडकाळातल्या मदतीसाठी अक्षयपात्र संस्थेकडे निधी जाणार. चहल तर लहानपणी भारताकडून बुद्धिबळ खेळलेला, त्याचा डाव बघायची मला उत्सुकता होती. पण आनंदला शेजारच्या खिडकीत लावून मी स्वतःचा डाव खेळले तर बाद होणार. नवऱ्याला सांगते, तुम्ही बघा आणि नंतर सांगा. त्यांना घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे बुद्धिबळ येत नाही. ते म्हणतात, "आनंद जिंकला, एवढं आत्ताच सांगतो."

दुपारी ३.०० : साडेसहा तास बाकी

संकटाची तयारी. माझ्या डोक्यात संकट म्हणजे महावितरण.

ही भीती उगीच नव्हती. आदल्या वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास कळवा उपकेंद्राच्या वाहिन्यांवर बिघाड होऊन मुंबई, ठाणे, आम्ही सगळेच बंद पडलो होतो. बुद्धिबळातली जखम त्याच्याही थोडी आधीची. ३० ऑगस्ट २०२० ला पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचा अंतिम सामना, भारत विरुद्ध रशिया. नाशिकचा विदित गुजराथी आपला कर्णधार. दुसऱ्या फेरीत जोडणी तुटली आणि निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख या दोघांचे डाव घड्याळावर गेले. भारताने दाद मागितली, जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. त्यावर रशियन खेळाडूंपैकी काही जण नाराज झाले, तेही स्वाभाविक होतं. खेळून न लागलेला निकाल कुणालाच आवडत नाही.

म्हणून मी इन्व्हर्टर तपासते, लॅपटॉप पूर्ण चार्ज करते, मुलाच्या फोनवर हॉटस्पॉट तयार ठेवते. खिडकी लावून घेते, कारण समोरच्या गच्चीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजला की मला चाली सुचत नाहीत. संकटाच्या सगळ्या वाटा बंद केल्या, असं समाधान.

संध्याकाळी ५.३० ते रात्री ८.५०

चार फेऱ्या. त्यांचं वर्णन वाचण्यात कुणाला रस नसतो. हरलेले डावच लोक चवीने ऐकतात. तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला. साडेतीन गुण. पाचवी फेरी जिंकले तर पहिली, बरोबरी झाली तरी पहिल्या तिघांत.

फेऱ्यांच्या मध्ये एक गोष्ट नजरेखालून गेली, तेव्हा तिचं काही वाटलं नाही. तक्त्यात तळाच्या बाजूचा, तेराशेच्या आसपास रेटिंग असलेला एक खेळाडू पहिल्या फेरीत एकोणीस चालींत हरला आणि त्यानंतर सलग तीन जिंकला. होतं असं. पोरांना खेळायला लागल्यावर जोर चढतो. आदल्या ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर 'द क्वीन्स गॅम्बिट' आली, त्याआधीपासून विनोदवीर समय रैना विदितला आणि इतर ग्रँडमास्टरांना घेऊन यूट्यूबवर खेळत होता, आणि घराघरांत बंद असलेली पोरं पटावर आली. त्यांतली काही महिन्या दोन महिन्यांत झपाट्याने सुधारली. खरंच सुधारली. त्यांना पाहून मला आनंदच व्हायचा.

रात्री ८.५५ : त्रेचाळीस मिनिटं बाकी

पाचव्या फेरीच्या जोड्या लागतात. माझ्यासमोर तोच. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे. रेटिंगमध्ये मी तीनशेनं वर. मुलगा मागून डोकावून म्हणतो, "आई, सोपा आहे." मी त्याला दार लावून घ्यायला सांगते.

आदल्या फेरीचा एक डाव लांबतो, सगळे थांबतात. मी पोळ्यांची कणीक मळून ठेवते.

रात्री ९.१४ : चोवीस मिनिटं बाकी

डाव सुरू. कॅमेऱ्यात प्रतिस्पर्धी दिसतो, म्हणजे त्याचं कपाळ दिसतं आणि वर फिरणारा छताचा पंखा दिसतो. डोळे चौकटीच्या खाली. नियमात 'कॅमेरा चालू हवा' एवढंच होतं आणि कॅमेरा चालू होता.

रात्री ९.१९

सहा चाली झाल्यात. सगळ्या पाठातल्या. माझं घड्याळ खाली जातंय, त्याचं वर चाललंय. दर चालीला दहा सेकंद मिळतात आणि तो आठ सेकंदांत खेळतो, म्हणजे प्रत्येक चालीमागे त्याच्या खात्यात दोन सेकंद जमा. पोरं भराभरा खेळतात, त्यात नवल नाही. पण भराभरा खेळणं आणि एकाच लयीत खेळणं यांत फरक आहे. मी त्याचा घोडा मारते, त्याला माझा घोडा मारण्यावाचून दुसरा पर्यायच नाही. एखाद्याने ही चाल डोळे मिटून अर्ध्या सेकंदात खेळली असती. त्याला आठ सेकंद लागतात. पुढच्या चालीला खरोखर डोकं लावावं लागेल अशी स्थिती आहे. तिलाही आठ.

माणूस असा खेळत नाही. सोप्या चालीला पटकन हात जातो, अवघड चालीला हात पटावर अडतो, परत येतो, चहाचा कप उचलतो. हे मला त्या क्षणी शब्दांत कळलं नव्हतं. फक्त समोर कुणीतरी हिशेबाच्या मशीनचा दांडा फिरवतंय असं वाटत राहिलं.

रात्री ९.२२ : सोळा मिनिटं बाकी

माझी आवडती स्थिती. त्याचा राजा किल्लेकोटात, त्याच्याजवळचा घोडा मी मघाशीच हुसकावलेला. माझं प्यादं ई५ वर, उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, दुसरा उंट घरातच पण त्याची वाट मोकळी. सतराव्या शतकातल्या ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूच्या टिपणांपासून प्रत्येक क्लासमध्ये शिकवलं जाणारं बलिदान समोर आहे : उंटाने एच७ वरचं प्यादं मारून शह. राजाने उंट मारला की घोडा जी५ वर, पुन्हा शह.

चार मिनिटं विचार करते. राजा परत आपल्या घरी गेला तर माझा वजीर एच५ वर येतो आणि मात टळणं कठीण. एच६ वर गेला तर माझ्या घोड्यामागून घरातला उंट त्याच्यावर रोखलेला. उरतं एकच घर, जी६. राजाने सगळ्या प्याद्यांच्या पुढे, उघड्या अंगणात येऊन उभं राहायचं. ते घर बरेचदा बरोबर असतं आणि तिथे जायची छाती क्वचितच कुणाची होते. मी स्वतः काळ्याकडून खेळताना या जागी घरी पळाले आहे आणि मात खाल्ली आहे.

रात्री ९.२६ : बारा मिनिटं बाकी

उंट एच७, शह.

आठ सेकंद. राजाने उंट मारला.

घोडा जी५, शह.

आठ सेकंद. राजा जी६.

मी खुर्चीत मागे टेकते. कपाळ हललेलं नाही. पंखा फिरतोय.

रात्री ९.२६ ते ९.३७

इथून पुढे मला हरायला अकरा मिनिटं लागली, आणि त्यातली जवळजवळ सगळी माझीच होती.

वजीर पुढे आणते. तो एफ ओळीतलं प्यादं सरकवतो. घोड्याच्या आडून शहाचा दम देते, तो ते न पाहिल्यासारखं करून दुसऱ्याच टोकाला हत्ती एक घर सरकवतो. काय मूर्ख चाल आहे, असं वाटतं. तीन चालींनंतर कळतं की त्या हत्तीशिवाय त्याचा राजा मेला असता. प्रत्येक वेळी त्याच्याकडे वाचवणारी एकच चाल, आणि प्रत्येक वेळी तीच, आठव्या सेकंदाला. एकदा सात लागले. एकदा नऊ.

अंगण ओलांडून त्याचा राजा माझ्या हल्ल्याच्या मधून चालत पलीकडच्या बाजूला गेला. मी कुणाला असं हरवलं असतं तर पंख्याखाली बसून राहिले नसते, उठून नाचले असते.

रात्री ९.३८

एकतिसाव्या चालीला मी डाव सोडला. माझ्या घड्याळावर पन्नास सेकंद. त्याच्या घड्याळावर १५ मिनिटं ५८ सेकंद. डाव सुरू झाला तेव्हा पंधरा होती.

रात्री ९.४० : दोन मिनिटांनंतर

हॉलमध्ये खेळताना डाव संपला की एक गोष्ट आपोआप होते. दोघे हात मिळवतात, पट उचलून बाहेर व्हरांड्यात येतात, पुन्हा मांडतात. इथे घोडा ठेवला असता तर? हरलेला विचारतो, जिंकलेला सांगतो, मागे चार पोरं उभी राहून दोघांनाही चुकीचं ठरवतात. पोस्टमॉर्टेम म्हणतात त्याला. हरलेल्याची त्या दिवसाची कमाई तीच. गुण गेला, पण डाव कुठे फिरला ते कळलं.

मी चॅटमध्ये लिहिते : छान खेळलास. राजा जी६ वर आणताना काय विचार केलास?

उत्तर येतं : असंच सुचलं.

आणखी विचारते : घरी परत का नाही नेलास?

दोन मिनिटांनी : माहीत नाही. थँक यू मॅम.

ज्याला जी६ खरोखर सापडलं तो पुढचा आठवडाभर तेच सांगत सुटेल. दूधवाल्याला सांगेल. विचारलं नाही तरी सांगेल. माझा संशय घड्याळाने जागा केला होता, पण पक्का केला तो या 'असंच'ने.

रात्री १०.०५

पोळ्या झाल्यात. आता डाव संगणकाला दाखवते. त्याची अचूकता ९७ टक्के, माझी ८१. मग उत्सुकतेपोटी त्याचा पहिल्या फेरीतला, हरलेला डाव काढते. तिथे एका चालीला दोन सेकंद, दुसरीला चाळीस, तिसरीला सव्वा मिनिट. तिथला मुलगा माणूस होता. अचूकता ५२.

इथे थांबून एक सांगायला हवं, कारण हरलेले लोक ते सांगत नाहीत. अचूकतेचा आकडा हा पुरावा नव्हे. प्रतिस्पर्ध्याने दहाव्या चालीला वजीर फुकट दिला तर पुढे सगळं सोपं असतं आणि नवशिक्याचीही अचूकता पंचाण्णवच्या वर जाते. अमेरिकेतल्या बफलो विद्यापीठातले केन रेगन हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः बुद्धिबळाचे आंतरराष्ट्रीय मास्टर. त्यांची पद्धत फिडे वापरते. खेळाडूच्या रेटिंगवरून तो किती वेळा संगणकाच्या पसंतीची चाल खेळेल याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष त्याहून किती दूर गेला ते मोजायचं. पण त्यासाठी अनेक डाव लागतात. सुरुवातीच्या पाठ चाली वगळायच्या, निकाल उघड झाल्यानंतरच्या वगळायच्या. माझ्या एकतीस चालींतून उरतात वीसेक. वीस चालींत एखाद्या पोराचा दिवस खरंच असू शकतो.

असू शकतो. म्हणूनच हे असह्य आहे.

आणि साधन तर सगळ्यांच्या खिशात. १९९७ च्या मे महिन्यात कास्पारोवला हरवायला आयबीएमला डीप ब्लू नावाचा अगडबंब संगणक लागला होता. आज स्टॉकफिश नावाचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, साध्या फोनवर चालतो आणि त्याची ताकद साडेतीन हजारांच्या वर धरली जाते. मॅग्नस कार्लसनने गाठलेलं सर्वोच्च रेटिंग २८८२. फसवायलाही पूर्वी कष्ट पडायचे. २००६ मध्ये दिल्लीच्या स्पर्धेत उमाकांत शर्मा या खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ यंत्र सापडलं आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. म्हणजे टोपी शिवायची, बाहेर कुणीतरी संगणक घेऊन बसवायचा, त्याला चाली कळवायच्या. आता मांडीवर फोन ठेवला की झालं. आठ सेकंद पुरतात : चाल फोनवर टाकायची, उत्तर यायचं, ते इकडे खेळायचं.

रात्री १०.४०

नवरा फोन घेऊन येतो. "अगं, आनंद हरला."

मला वाटतं थट्टा करतायत. ग्रुपवर बघते तर तेच. बाकी सगळ्या नामवंतांना हरवून आनंदने एकाच डावात हार मानली आहे : झेरोधाचे सहसंस्थापक निखिल कामत यांच्याकडून. पाच वेळचा जगज्जेता. एक्कावन्न वर्षांचा असेल, एकाच वेळी अनेकांशी खेळत असेल, घड्याळही चालू असेल, तरी आनंदच. कुणीतरी त्या डावाचं विश्लेषण टाकलंय. कामत यांची अचूकता नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास.

ग्रुपमध्ये हशा. मग एकाचा मेसेज : "मॅडमच्या डावात पण असंच झालं ना?"

रात्री ११.२०

आयोजक सरांचा फोन. मी आधी लिहून पाठवलं होतं : चालींना लागलेला वेळ, पहिल्या आणि पाचव्या फेरीतली तफावत, चॅट.

"मॅडम, पुरावा काय आहे? कॅमेरा चालू होता."

"सर, कॅमेऱ्यात पंखा होता."

"तो लहान आहे हो. शाळेत आहे. वडील शेजारी बसले होते म्हणाले."

"मी त्याला चोर म्हणत नाहीये. तुम्ही उद्या त्याला फोन करा, पट मांडायला सांगा आणि एवढंच विचारा की राजा घरी नेला असता तर काय झालं असतं. त्याने सांगितलं तर मी ग्रुपवर त्याचं अभिनंदन करते."

"तसं परीक्षेला बसवल्यासारखं नाही करता येणार. इतर पालक काय म्हणतील? पुढच्या वेळी बघू."

सर वाईट नाहीत. स्वतःच्या खिशातून बक्षिसाची रक्कम भरून काढतात, पोरांना फुकट शिकवतात. त्यांची अडचणही खरी आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलावर चोरीचा शिक्का बसला आणि तो निर्दोष निघाला तर तो आयुष्यात पटाकडे बघणार नाही. पण उरलेल्या पोरांचं काय, जी आधीच्या फेऱ्यांत त्याच्याकडून हरली, आणि आपण आणखी मेहनत केली पाहिजे असं समजून आता झोपली असतील? चुकीच्या धड्याची मेहनत.

तेव्हा मला माझं नेमकं काय गेलं ते कळलं. गुणाचं दुःख सकाळपर्यंत टिकत नाही. पण माझं बलिदान बरोबर होतं की चूक? संगणक म्हणतो चूक. तर मग तेराशेच्या माणसासमोर ते योग्य नव्हतं का? माणसासमोर मी तसं पुन्हा खेळावं की नाही? या प्रश्नाचं उत्तर तो डाव देऊ शकत नाही, कारण माझ्यासमोर माणूस होता की नव्हता तेच ठरत नाही. वर्षभरात हरलेल्या प्रत्येक डावातून मी काही ना काही वहीत उतरवलं आहे. या डावाचं पान कोरं राहिलं.

सोमवार, १४ जून

सकाळपासून देशभर एकच चर्चा, आणि मग कामत यांनी ट्विटरवर स्वतःच सांगून टाकलं. आपण आनंदला खरोखर हरवलं असं लोकांना वाटतंच कसं, असा त्यांचा सूर होता. डाव पाहून सल्ला देणारी माणसं आणि संगणक यांची मदत घेतली होती, सगळं गंमत म्हणून आणि मदतनिधीसाठी होतं, आता मागे वळून बघता तो मूर्खपणा होता, अशी कबुली आणि माफी.

आनंदचं उत्तर त्याच्या खेळासारखंच नेमकं. निधी उभारण्यासाठीचा तो डाव होता, आपण पटावर जे होतं ते खेळलो आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, एवढाच मथितार्थ. एक शब्द जास्त नाही. अखिल भारतीय महासंघाच्या सचिवांनी नापसंती दर्शवली. चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या साइटने कामत यांचं खातं आधी बंद केलं, मग पुन्हा उघडलं. डाव रेटिंगचा नव्हता आणि आनंदला प्रकरण वाढवायचं नाही, अशी त्यामागची भूमिका.

माझं मत विचाराल तर खातं उघडलं ते ठीक, 'गंमत म्हणून' हे कारण मात्र मुळीच ठीक नाही. समोरच्याला ठाऊक असेल तर ती गंमत. आनंदला आधी सांगितलं असतं की एका पटावर तुमच्यासमोर संगणक बसवतोय, तर तो हसत खेळला असता, आणि कदाचित निधीही जास्त जमला असता. न सांगता केलं तेव्हा जगज्जेत्याला तो एक डाव आपलीच चूक शोधत बसावं लागलं असणार. त्याला ते एका रात्रीपुरतंच शोधावं लागलं, सकाळी खुलासा आला. एवढ्यापुरतं कामत यांचं ऋण मानायला हवं. कबुलीमुळे आनंदला आपला डाव परत मिळाला.

मी दिवसभर फोनकडे बघत होते. आयोजक सरांकडून काही आलं नाही.

त्यानंतर

हे सगळं फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला कार्लसन प्रत्यक्ष पटावर हान्स नीमनकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. दोन आठवड्यांनी ऑनलाइन स्पर्धेत तोच प्रतिस्पर्धी समोर आला तेव्हा एक चाल खेळून त्याने डाव सोडला. चेस डॉट कॉमने ७२ पानांचा अहवाल काढला : नीमनने शंभराहून अधिक ऑनलाइन डावांत बहुधा लबाडी केली असावी, मात्र सेंट लुईसच्या त्या डावात तसं केल्याचा पुरावा नाही. नीमनने लहान वयात ऑनलाइन फसवल्याचं स्वतः मान्य केलं होतं, बाकी आरोप नाकारले. कोर्टकज्जा झाला, पुढच्या वर्षी तडजोड. जगातला सर्वांत बलवान खेळाडू, त्याच्या दिमतीला सगळी यंत्रणा, आणि त्यालाही 'मला वाटतं' यापलीकडे जाता आलं नाही. डोंबिवलीच्या जेवणाच्या टेबलावरून मी कुठवर जाणार होते?

लबाडी पकडली गेली की साइटवर एक मेसेज येतो : तुमच्या अलीकडच्या एका प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला, तुमचे गेलेले रेटिंग गुण परत केले आहेत. नाव सांगत नाहीत. असे मेसेज मला आले आहेत. त्या डावाबद्दल आला नाही. ते खातं अजून चालू आहे, बंद पडलेलं नाही. म्हणजे एकतर तो मुलगा त्या रात्री खरोखर तसा खेळला, किंवा त्याने पुन्हा तसं केलं नाही, किंवा त्याला पकडता आलं नाही. यांतलं काय खरं ते त्याला ठाऊक.

आता हॉल उघडे आहेत, गाड्या चालू आहेत. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या पट्ट्यात ऑनलाइन बक्षिसांच्या स्पर्धा होतातच, कारण हॉलचं भाडं परवडत नाही. आयोजक मंडळींना एवढंच सांगायचं आहे. प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस लावणार असाल तर दुसरा फोन बाजूला ठेवायला लावा, ज्यातून खेळाडूचे हात, मांडी आणि पडदा तिन्ही दिसतील. छताचा पंखा दिसला तर फेरी सुरू करू नका. बक्षिसं त्याच रात्री वाटू नका, चार दिवस थांबा, चालींना लागलेला वेळ तपासा. पहिल्या तिघांना त्यांच्याच डावातल्या दोन चाली सगळ्यांसमोर समजावून सांगायला लावा. जिंकलेल्याला याचा आनंदच होईल, आणि हरलेल्याला त्याचं पोस्टमॉर्टेम मिळेल. यातलं काही जमणार नसेल तर बक्षीस ठेवू नका, फी घेऊ नका, पोरांना नुसतं खेळू द्या.